उंदीर पडला तर ये

माझी नोकरी टिकली ती पेणच्या एका मेकॅनिक काकांमुळे, त्यांच्या बायकोमुळे आणि तिच्या हातच्या मातीच्या उंदरांमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढची हकिकत सांगताना मी स्वतःचीच लाज काढत बसणार, आणि त्या नादात त्यांचं नाव घ्यायचं राहून जाईल. उंदरांपैकी बरेचसे आता हयात नाहीत. काका-काकू खुशाल आहेत.

काकांची शेड पेणच्या बाहेर, जिते गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला. पाटी नाही. दुनियेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाकडं स्वतःची म्हणून एक सायकल आहे, आणि ती काका दिसायच्या बऱ्याच आधी ऐकू येते. मडगार्ड वाजतं, चेन वाजते, घंटी तेवढी वाजत नाही. मी एकदा म्हटलं, काका, दोन नट आवळून देऊ का? ते म्हणाले, नको, ती का वाजते ते मला ठाऊक हाय. कारण ठाऊक असलेल्या आवाजाचा त्यांना काही त्रास नसायचा. त्यांच्या भाच्यानं त्यांना गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड दाखवणारं मशिन आणून दिलंय. त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नाही. त्याच्यावर चहाचे कप ठेवतात, कारण शेडमध्ये सपाट अशी तेवढीच जागा आहे.

गिऱ्हाइकांची नावं ते लक्षात ठेवत नाहीत. आवाज लक्षात ठेवतात. "कुईकुई येऊन गेला काय गो?" असं ते काकूंना विचारायचे, आणि काकूही सरळ सांगायच्या की कुईकुई उद्या येणार, आज धूर येऊन गेला. गावातल्या एका डॉक्टरांना ते तोंडावर खडखड म्हणत. डॉक्टरांची गाडी नवी, भारीतली, आणि दारातून सारखा खडखड आवाज. दोन गॅरेजांत दार खोलून बघून झालं होतं. काकांनी दाराच्या खणातून गोळ्यांची काचेची बाटली काढली आणि डॉक्टरांच्या हातात ठेवली. म्हणाले, "ह्या वेळेवर घेत जा, मंग आवाज नाय येणार." डॉक्टर हसले नाहीत. पण गाडी अजून तिथंच आणतात.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं, थरथर. मला वाटलं, गाडीवरून दिलं.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली, मग ट्रॅक्टर, मग टेम्पो, आणि असं करत करत इतक्या लांब पेणला आलो. इथं एका शेठची गाडी चालवतो. पेणहून तिघा साहेबांना रोह्याच्या एमआयडीसीत शिफ्टला सोडायचं आणि परत आणायचं. राहायला शेठनं बंगल्यामागची खोली दिली. गाडीची किल्ली आणि खोलीची किल्ली एकाच कड्यात. जूनमध्ये बायको आणि मुलगी येणार होत्या. मुलीला पहिलीत घालायचं होतं, आणि शाळेच्या फॉर्मवर मी पत्ता त्याच खोलीचा लिहिला होता. फॉर्म लिहायला मला एक तास लागला. बापाचं शिक्षण या रकान्यापाशी त्यातली चाळीस मिनिटं गेली.

तर दिवाळीनंतर गाडी थरथरायला लागली. उभी असताना काही नाही. सावकाश चालवली तरी काही नाही. पण ॲक्सिलरेटर दाबला की चाळीसच्या पुढं सगळी गाडी अंगात आल्यासारखी हलायची. पाय काढला की गप्प. मागं बसणाऱ्या एका साहेबांना थर्मासातली कॉफी पिता येईना. ते मला रोज एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायचे, की लायसन कुठल्या गावाला काढलं.

शेठनं चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. प्लग बदलले. इंजिन ज्या रबरांवर बसतं, ज्याला गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात, ते बदललं. दर वेळी गॅरेजवाला म्हणायचा झालं, आणि दर वेळी गाडी नागोठण्यापर्यंत जाऊन पुन्हा हलायची. शेवटी शेठ गाडीकडं बघायचे थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले. एका शुक्रवारी म्हणाले की गाडीचं सगळं बदलून झालं, आता एक ड्रायव्हरच बदलायचा राहिलाय. सोमवारपर्यंत बघ, नाहीतर किल्ली ठेवून जा.

किल्ली म्हणजे अख्खं कडं. ते शेठच्या ध्यानात नसेल, माझ्या होतं.

काकांचा पत्ता त्या कॉफीवाल्या साहेबांनीच दिला. माणूस जरा विचित्र आहे, म्हणाले, पण तूही काही कमी नाहीस.

शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन गेलो. काका बाजेवर बसून मातीचा उंदीर पॉलिश पेपरवर घासत होते. पेणला गणपतीचे कारखाने घरोघर, तेव्हा उंदीर दिसला याचं मला नवल वाटलं नाही. मला वाटलं, जोडधंदा असेल. मी बिघाड सांगायला लागलो. चाळीसच्या पुढं हलते, चढाला जास्त हलते, साहेबांची कॉफी सांडते. काकांनी हात वर केला.

"कधी हलते ते कुणीपण सांगेल. कधी नाय हलत ते सांग."

दोन महिने मी ती कधी हलते एवढंच मोजत होतो. मग आठवून आठवून सांगितलं, उभी असताना नाही, पाय काढला की नाही, उताराला नाही. ते प्रत्येक 'नाही'ला मान हलवत होते, जसं काही मी त्यांना चांगल्या बातम्या देतोय.

उंदरांची गोष्ट अशी. काकू गणपतीच्या कारखान्यात कामाला. मोठ्या मूर्तींना हात लावायचा मान दुसऱ्यांचा, काकूंचं काम उंदरांचं. शाडूचा, वितीपेक्षा लहान, मागच्या पायांवर उभा, पुढच्या पायांत मोदक. ज्याचा कान उडाला किंवा शेपूट तुटली तो देवापुढं चालत नाही, तो घरी येतो. काका त्याचं बूड घासून घासून इतकं अरुंद करतात की तो उभा राहतो, पण जेमतेम. "पुरता भक्कम उंदीर कामाचा नाय," ते म्हणाले, "जरा घाबरट लागतो. तोच खरं सांगतो." असे चार उंदीर गाडीत ठेवायचे आणि गाडी चालवायची. कुठला, कधी आणि कुठं पडतो ते बघायचं. एवढंच त्यांचं मशिन.

ही विद्या त्यांना मिठागरात सापडली. त्यांचे वडील खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते, आणि काकाही पोरवयात तिथंच. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी आरशासारखं पडलेलं असायचं. बांधावरून कोणी आलं की माणूस दिसायच्या आधी पाणी शहारायचं, आणि कुठल्या कोपऱ्यातून शहारलं त्यावरून मुकादम कुठून येतोय ते कळायचं. तेवढ्यात बिडी विझवायला वेळ मिळायचा. काका म्हणतात की मेकॅनिकीचं त्यांचं शिक्षण तेवढंच. मला ते ऐकून फार बरं वाटलं. आठवीपेक्षा कमी शिकलेला माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

काकूंचं मत वेगळं. त्या म्हणायच्या, "मी दिवसभर उंदीर जन्माला घालते, न् हे गाडीत नेऊन मारतात."

तर आम्ही निघालो. एक उंदीर डॅशबोर्डवर, पुढं पायाशी डावीकडं आणि उजवीकडं एकेक, एक मागं. आधी शेडमध्येच गाडी उभी ठेवून मला ॲक्सिलरेटर दाबायला लावला. इंजिन ओरडलं, उंदीर उभे. काका म्हणाले, इंजिन सुटलं. मग हायवेला गाडी साठवर नेऊन पाय काढायला लावला. गाडी नुसती घरंगळत होती, उंदीर उभे. काका म्हणाले, टायर सुटलं. कोर्टात एकेक आरोपी सोडावा तसं चाललं होतं, आणि मी उरलेले आरोपी मोजायला लागलो. कारण सगळे सुटल्यावर कोण उरतं ते शेठनं मला आधीच सांगितलं होतं.

नागोठण्याच्या पुढं रोह्याकडं वळलं की खिंड लागते. चढाला काकांनी डोकं स्वतःच्या गुडघ्यांत घातलं, पायाशी ठेवलेला उंदीर नीट दिसावा म्हणून, आणि म्हणाले, दाब. मी दाबला. गाडी थरथरली. डावीकडचा उंदीर जागच्या जागी फिरला, दोन पावलं चालला आणि नाकावर पडला. बाकीचे डुलत होते, पण उभे. आम्ही खिंड उतरून परत चढलो, पुन्हा तोच पडला. तिसऱ्यांदा चढत होतो तेव्हा कडेला गाडा लावलेल्या सरबतवाल्यानं हात करून आम्हाला थांबवलं, खिडकीतून एक लिंबू आत दिलं आणि मला झापलं, की म्हातारा माणूस ओकतोय आणि तू त्याला खिंडीतून वरखाली काय फिरवतोस. काकांनी डोकं वर न काढता लिंबू घेतलं.

परत येताना ते लिंबू हुंगत बसले.

शेडमध्ये त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक काढलं आणि आतल्या बाजूनं बोट फिरवलं. बोट माझ्यासमोर धरलं. स्वच्छ होतं.

"सगळ्या गाडीखाली राड," ते म्हणाले, "न् हे एकच चाक आतून कसं धुतलेल्या ताटासारखं? कोण पुसतं?"

मी म्हटलं, गाडी स्वच्छ ठेवायची सवय आहे.

"कापड दाखव."

सीटखालचं कापड मी काढून दिलं. ते काळं कुळकुळीत होतं आणि हातात धरलं तरी चिकटत होतं. काकांनी ते नाकाशी नेलं, मग काकूंच्या नाकाशी नेलं. काकू म्हणाल्या, ग्रीस. आणि मग दोघंही माझ्याकडं बघत उभे राहिले. रागानं नाही, डाव्या बाजूच्या उंदराकडं बघावं तसं.

मग मी सांगितलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका साहेबांना खांब गावात पाहुण्यांकडं सोडायला गेलो होतो. तिथं रस्त्याचं काम, अंधारून आलेलं, आणि गाडी खड्ड्यात गेली. खालून काहीतरी घासल्याचा आवाज आला. साहेब फोनवर होते, त्यांना कळलं नाही. मी उतरून बघितलं नाही. दोन दिवसांनी त्या चाकाच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसलं. शेठ बघतील, विचारतील, खड्ड्याचं निघेल. म्हणून मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. पुन्हा पुसलं. पुढं दोन महिने रोज सकाळी शेठ दात घासायला बाहेर यायच्या आत मी त्या चाकाखाली शिरून ग्रीस पुसत होतो. शेठ दुसऱ्या ड्रायव्हरांना बोलावून दाखवायचे, की बघा, गाडी अशी ठेवायची असते.

काकांनी मला हात धरून खाली बसवलं आणि दाखवलं. इंजिनाचा जोर चाकाला नेणारा एक दांडा असतो, एक्सल म्हणतात. त्याच्या आतल्या टोकाला सांधा असतो, सांध्यावर ग्रीस भरलेला रबराचा बूट. तो बूट खांबच्या खड्ड्यात फाटला होता. ग्रीस उडून उडून संपत आलं, म्हणून आजच्या फेऱ्यांनी बोटाला लागलं नाही, रस्त्याचं धूळपाणी आत गेलं, आणि सांधा झिजला. जोर आला की तो थरथरतो. जोर गेला की साळसूद.

"अगदी याच्यासारखा," काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आणली असतीस, काका म्हणाले, तर रबर बदलून चहा पिऊन गेला असतास. गाडी रोज तुला सांगत होती आणि तू रोज तिचं तोंड पुसत होतास. त्यावर काकू आतून म्हणाल्या की लग्नाला तीस वर्षं झाली, मला काय होतंय ते कुणी एवढं डोकं खाली घालून बघितलं नाही. काकांनी ते ऐकलं नाही, किंवा तो आवाज का येतो हे त्यांना ठाऊक होतं.

मी हात जोडले. म्हटलं, सांधा बदला, पण शेठना खड्ड्याचं सांगू नका, आपोआप झिजला म्हणा. माझी मुलगी यायचीय.

काकांनी पाना खाली ठेवला. दुसरा कुणी असता तर त्यानं मला सत्यावर भाषण दिलं असतं. काकांनी एक उंदीर उचलून माझ्या डाव्या हाताच्या तळव्यावर उभा केला.

"उजव्या हातात फोन घे. शेठला लाव, स्पीकरवर टाक. सगळं सांग. उंदीर उभा राहिला तर मी चाकाला हात लावीन. पडला तर नाय."

मी नंबर लावला. रिंग गेली, आणि शेठ हॅलो म्हणायच्या आत उंदीर खाली पडून फुटला. मी फोन कापला. काकूंनी दुसरा आणून ठेवला. या वेळी शेठचा आवाज आला, मी 'शेठ' म्हणालो आणि दुसराही गेला. तिसरा 'खांबला' या शब्दापर्यंत टिकला. शेठ पलीकडून विचारत होते, काय फुटलं, काय फुटलं, गाडीची काच फुटली काय. मी पुन्हा फोन कापला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, काका, हे माझ्यानं होणार नाही.

काकूंनी चौथा उंदीर माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "होईल रं. आज नाय झालं तर उद्या ये. माझ्याकडं उंदीर भरपूर हायत."

आणि का कोण जाणे, त्या 'भरपूर'नं माझा हात थांबला. मी सांगितलं. खड्डा, आवाज, उतरून न बघणं, कापड, दोन महिने, रोज सकाळ. मध्ये कुठंच थांबलो नाही, कारण डोळे त्या मोदकावर होते. मग शेठ म्हणाले, म्हणजे मी दोन महिने लोकांना ते चाक दाखवत होतो. मी म्हटलं, व्हय. पेणला आल्यापासून मी 'हो' म्हणत होतो, हिंगोलीचं 'व्हय' तेव्हा तोंडात कुठून आलं माहीत नाही. शेठ म्हणाले, सोमवारी गाडी आण, मी स्वतः बसणार. फोन बंद.

उंदीर उभा होता. काकांनी पाना उचलला.

सामान पनवेलहून आलं. रविवारी दुपारपर्यंत काकांनी सांधा बदलला, उजव्या बाजूचा बूटही तपासला, आणि माझं ते काळं कापड स्वतःकडं ठेवून घेतलं. जाताना चौथा उंदीर डॅशबोर्डवर उभा केला. मी चिकटवू का विचारलं, तर माझ्याकडं असं बघितलं की मी डॉक्टर असतो तर बाटली हातात ठेवली असती.

"पडला तर ये," म्हणाले. "नाय पडला तर कशाला येतोस? मला कामं हायत."

सोमवारी शेठ पुढच्या सीटवर बसले. पेण ते रोहा त्यांची नजर सगळा वेळ त्या उंदरावर. खिंडीत मी ॲक्सिलरेटर दाबला आणि मनातल्या मनात दोघांसाठी हात जोडले, माझ्यासाठी आणि उंदरासाठी. गाडी नुसती वर गेली. मागं साहेबांनी थर्मास उघडला, कॉफी ओतली, प्यायली, आणि पहिल्यांदा लायसनचं काही विचारलं नाही. सरबतवाल्यानं मला ओळखून हात केला.

साहेब उतरल्यावर शेठनं कड्याकडं बघितलं, दोन्ही किल्ल्यांकडं. मग म्हणाले, "यापुढं गाडीतून काहीही गळलं, तर पुसायच्या आधी मला फोटो पाठवायचा." आणि पेपर उघडून वाचायला लागले.

तेव्हापासून मी त्यांना फोटो पाठवतो. एसीचं पाणी गळलं तरी पाठवतो, खिडकीवर पक्ष्यानं काही केलं तरी पाठवतो. शेठ आता वैतागलेत, पण बोलता येत नाही, नियम त्यांचाच आहे. मुलगी पहिलीतून दुसरीत गेली. तिला वाटतं, उंदीर गाडीबरोबर कंपनीतूनच येतो.

मध्ये एकदा मी पेढे घेऊन शेडवर गेलो होतो. काकांनी लांबूनच विचारलं, काय हलतंय? मी म्हटलं, काहीच नाही, सहज आलो. त्यांनी गाडीत डोकावून बघितलं, उंदीर उभा होता. "मंग इथं काय करतंस?" म्हणाले आणि गाडीखाली गेले. पेढे काकूंनी घेतले. त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. काका आजवर चांगल्या गाडीत बसलेलेच नाहीत. जी बिघडलेली तिच्यातच बसतात, तीही डोकं गुडघ्यांत घालून. रोह्याचा रस्ता शेकडो वेळा गेलेत, पण त्या खिंडीतून बाहेर काय दिसतं ते त्यांना विचारून बघ, काकू म्हणाल्या, सांगता यायचं नाही.

ते माझ्या डोक्यात राहिलं आहे. एक दिवस माझी स्वतःची गाडी होईल. तिच्यात हाच उंदीर असेल. मी शेडवर जाईन आणि खोटं सांगेन, तेवढं एक खोटं त्यांनी मला माफ करावं, की काका, गाडी हलते. ते पुढं बसतील, काकूंना मी मागं बसवीन, आणि आम्ही खिंड चढू. काका पायाशी बघत राहतील, काही पडणार नाही. दुसऱ्यांदा चढू, तिसऱ्यांदा चढू, सरबतवाल्याकडून या वेळी मी लिंबू विकत घेईन. कधीतरी त्यांना डोकं वर काढावंच लागेल, आणि काच पुसलेली असेल. पुसणं मला जमतं.